तिसरी नळी

१

माझ्या बायकोच्या, शकिलाच्या, नावाचे दोन कागद माझ्याकडे आहेत. एकावर लिहिलंय की तिच्या अंगात टीबी नाही. दुसऱ्यावर लिहिलंय की ती टीबीने मेली. दोन्हींवर शिक्के आहेत. पहिला ऑक्टोबर २००७ चा, दुसरा मार्च २००८ चा.

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, फातेहाला आलेले पाहुणे गेल्यावर मी तिची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा हे कागद पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवले. माझी मुलगी रुबिना पातेली घासत होती. हात पुसून आली आणि दोन्ही वाचले.

"अब्बा, यातला एक खोटा आहे."

"हो."

"कुठला?"

"मेली ते तर मी पाहिलं."

रुबिनाने दोन्ही कागदांची घडी घालून माझ्या हातात दिली. नंतर म्हणाली, "मग पहिला कोणी लिहिला ते शोधा. मला नाव पाहिजे."

मी नाव शोधायला निघालो. ते कसं सापडलं ते इथे लिहितो. जसं मला कळत गेलं त्याच क्रमाने लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला पटेल. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण हे सगळ्यांना वाचता यावं म्हणून मराठीत लिहितो आहे.

मी फारुख. जव्हारला एसटी डेपोसमोर माझं बर्फाचं दुकान आहे. नाशिकहून लाद्या येतात, मी भुशात झाकून ठेवतो, मासळीवाल्यांना आणि लग्नाकार्याला विकतो. पोलिओच्या रविवारी डोस पाजणाऱ्यांना बर्फ कमी पडला की माझ्याकडेच येतात.

शकिला ब्लाउज शिवायची. बारा वर्षांपूर्वी तिला संधिवात धरला. आधी बोटं सुजली, मग वाकली, मग तशीच राहिली. शेवटी शेवटी तिला मी घास भरवत होतो. ठाण्याच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नवीन इंजेक्शन आलं होतं. बारा पेशंटना फुकट द्यायचं होतं. यादी एकतीस ऑक्टोबरला बंद होणार होती आणि अट एकच होती, अंगात लपलेला टीबी नको, कारण या इंजेक्शनने तो जागा होतो. टीबी निघाला तर आधी सहा महिने त्याच्या गोळ्या, आणि मग पुढची यादी निघाली तर इंजेक्शन.

शकिलाचा बाप टीबीने गेला होता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि त्याच्याच अंथरुणात झोपायची. म्हणून हॉस्पिटलने रक्ताची एक खास चाचणी सांगितली. रक्त जव्हारला काढायचं, तपासणी नाशिकला.

कागद आला, "निगेटिव्ह." इंजेक्शन सुरू झालं. दुसऱ्या इंजेक्शननंतर तिची बोटं उघडली. तिने आमच्या नातीच्या, सिदराच्या, फ्रॉकची बटणं स्वतः लावली. सगळी लावली, मग काढली, मग पुन्हा लावली. जानेवारीच्या शेवटी ताप आला तो उतरला नाही.

रक्त हाताळलेली माणसं चार. ते काढणारी वर्षाली, नाशिकला नेणारा जीपवाला नवशा, तपासणारा लॅबचा माणूस आणि कागद देणारा असलम. मी माझ्या मनात आधीच एक निवडलं होतं.

२

वर्षाली वांगणीची. घरातली माणसं दिवाळीनंतर भिवंडीच्या वीटभट्टीवर जायची, ही एकटी मागे राहून शिकली आणि असलमच्या रक्त तपासणी केंद्रात कामाला लागली. शकिलाला चालता येत नव्हतं म्हणून रक्त काढायला घरी आली होती. मी केंद्रात गेलो तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टी बांधत होती.

"वर्षाली, त्या दिवशी आमच्याकडून निघून तू कुठे गेलीस?"

"वांगणीला, चाचा. धोंडीबाईचं रक्त घ्यायचं होतं."

"म्हणजे तुझ्या पिशवीत दोघींचं रक्त होतं."

"नाही. शकिलाबाईंच्या नळ्या तुमच्या घरीच ठेवल्या. तुम्ही त्या जीपवर देणार होतात ना."

"धोंडीबाईचं रक्त शकिलाच्या नावावर गेलं असेल."

तिने म्हाताऱ्याची पट्टी सोडली. "चाचा, तीन नळ्या होत्या. प्रत्येक नळी दहा वेळा हलवायची असते, मी मोजून हलवल्या. नावं मी लिहिली. कसं न्यायचं ते बाईंना नीट सांगितलं, तुम्ही दुकानात गेला होतात म्हणून. बाईंना मी म्हटलं की..."

"मेलेल्या बाईवर ढकलू नकोस."

"ढकलत नाही, पण ऐका तरी..."

"तू ऐक. जंगलातून उठून आलीस, सुई हातात धरायला शिकवली म्हणून डॉक्टरीण झालीस का? माझी बायको मारलीस तू."

म्हातारा उठून उभा राहिला. बाहेर माणसं जमली. मी मुद्दाम आवाज चढवला, हे खरं आहे. वर्षाली रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, त्याचा मला जास्त राग आला.

असलम आतल्या खोलीतून आला. असलम शकिलाचा चुलतभाऊ, तिला आपा म्हणायचा, मला दुल्हाभाई म्हणतो. मी त्याला सांगितलं, ही पोरगी इथे दिसली तर मी तुझ्या केंद्राची तक्रार करेन. मला वाटलं तो वाद घालेल. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "उद्यापासून नको येऊस, वर्षाली."

एवढ्या पटकन. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

तिने एप्रन काढून खुर्चीवर ठेवला. मग असलम मला दारापर्यंत सोडायला आला. "दुल्हाभाई, झालं ना आता? आता उकरू नका. आपाला शांत झोपू द्या."

मी धोंडीबाईला गाठायला वांगणीला गेलो. वावरपर्यंत जीप, पुढे पायी. धोंडीबाईने मला तिचा कागद दाखवला. साध्या हिमोग्लोबिनचा होता. एक नळी, टोपण वेगळं, तपासणी जव्हारलाच झालेली. अदलाबदल होणं शक्यच नव्हतं.

वर्षालीला मी हे सांगायला गेलो नाही. ती कामावरून गेली होती आणि मला दुसरं नाव मिळालं नव्हतं.

३

मे महिन्यात मी ठाण्याला गेलो. इंजेक्शनच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पण दार उघडंच ठेवलं. बाहेर रांग होती.

"बाई, ही चाचणी काय असते ते मला कळेल असं सांगा."

त्यांनी टेबलावर तीन पेनं ठेवली. "रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या पहारेकरी. ज्यांची टीबीशी एकदा गाठ पडलेली असते त्या त्याला विसरत नाहीत. माणसाला खोकला नसला तरी त्यांना आठवण असते. आपण रक्त तीन नळ्यांत घेतो. पहिलीत काहीच घातलेलं नसतं. दुसरीत टीबीच्या जंतूचे बारीक अंश असतात. ओळख असली तर पेशी खवळतात आणि एक द्रव्य सोडतात, ते मोजायचं."

"आणि तिसरी?"

"तिसरीत असं औषध असतं की त्याने कुठलीही जिवंत पेशी खवळते, टीबी असो नसो. रक्त जिवंत पोचलं की नाही ते त्यावरून कळतं. आणा, आकडे बघू."

मी कागद दिला. वर ठळक अक्षरांत निगेटिव्ह, खाली बारीक अक्षरांत तीन आकडे. पहिला शून्य पूर्णांक चार शतांश, दुसरा पाच शतांश, तिसरा अकरा शतांश.

बाईंनी तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

"हा दहाच्या पुढे जायला हवा होता. निदान शून्य पूर्णांक पाच दशांशाच्या वर तरी."

"म्हणजे?"

"म्हणजे रक्त मेलं होतं. मेलेल्याला विचारलं, तुझ्या घरात चोर शिरला होता का. तो गप्प बसला. आणि आपण लिहिलं, चोर नव्हता." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हा निगेटिव्ह नाहीच. याला उत्तरच नाही. पुन्हा रक्त घ्यायचं असतं."

"तुम्ही हा कागद बघून इंजेक्शन दिलंत."

"हो."

"तेव्हा हा आकडा वाचला नाही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "आम्ही वरचा शब्द वाचतो. बाहेर सत्तर माणसं आहेत, काका."

मला त्यांना मारावंसं वाटलं. मी विचारलं, "रक्त कशाने मरतं?"

"उशीर झाला, नळ्या हलवल्या नाहीत, उन्हात तापलं, गार पडलं. कधी कधी पेशंटच्या गोळ्यांमुळेही पेशी सुस्त असतात. पण मला एक समजत नाही. हे आकडे बघून कुठलीही लॅब हा शब्द लिहिणार नाही. हा शब्द लॅबचा नाही."

४

नाशिकच्या लॅबमध्ये रमेश नावाचा माणूस ही चाचणी करायचा. तो मला आत घेईना. मी दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसलो. तिसऱ्या दिवशी त्याने रजिस्टर बगलेत मारून मला जिन्याखाली नेलं.

"काका, माझी नोकरी आहे. बघा आणि विसरा."

रजिस्टरमध्ये शकिलाचं नाव, पोचल्याची वेळ संध्याकाळी सव्वापाच. रक्त सकाळी साडेदहाला काढलेलं.

"उशीर झाला होता?"

"छे. सोळा तासांच्या आत आमच्या मशीनमध्ये ठेवलं की चालतं. मशीनमध्ये अंगाइतकी ऊब असते, रात्रभर ठेवतो. सात तास म्हणजे काहीच नाही."

मग त्याने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे त्याच्या हाताने लिहिलं होतं. निर्णय देता येत नाही. नमुना थंड मिळाला. पुन्हा पाठवावा.

"हे तुम्ही जव्हारला कळवलंत?"

"तिसऱ्या दिवशी फॅक्स केला. खाली फॅक्सची वेळ आहे. वरून फोनही केला. असलमभाईंनीच उचलला. म्हणाले, ठीक आहे, पुन्हा पाठवतो."

मला एक नाव मिळालं. पण माझ्या डोक्यात थंड हा शब्द होता.

"थंड म्हणजे?"

"काका, नळ्या हातात धरवत नव्हत्या. लसीला थंडावा लागतो, रक्ताच्या या चाचणीला थंडावा म्हणजे विष. पेशी झोपतात आणि पुन्हा उठत नाहीत. तुमच्याकडच्या लोकांना कुठेतरी कोणीतरी शिकवलंय, औषधाचं काही असलं की बर्फात घाला."

त्याने फाइलमधून शकिलाचा फॉर्म काढला. नळ्यांबरोबर डब्यात गेलेला. कागद भिजून वाळलेला, लहरी पडलेला. वर्षालीची शाई पसरली होती. कोपऱ्याला चिकटपट्टी होती आणि पट्टीखाली काहीतरी पिवळं अडकलं होतं. मी चष्मा लावला.

लाकडाचा भुसा.

भुसा बघून मला सगळं कळलं असं वाटलं. त्या दिवशी नवशाने माझ्याकडून दोन लाद्या घेतल्या होत्या, खोडाळ्याच्या बाजारातल्या मासळीवालीसाठी. त्याने डबा लाद्यांवर टाकला. जिन्याखाली उभं राहून मी त्याचं काय करायचं ते ठरवत होतो. रमेश मला पाणी आणायला गेला तोपर्यंत माझं ठरलं होतं.

५

मी बाजाराच्या दिवशीच खोडाळ्याला गेलो. माणसं हवी होती मला. नवशाची काळीपिवळी जीप नेहमीच्या जागी उभी होती. तो बोनेटवर बसून बिडी ओढत होता, बायको फागी शेजारी नागलीचं गाठोडं घेऊन. मी जाऊन त्याच्या कानाखाली मारली. बिडी उडाली.

"शेट! काय झालं?"

"माझ्या बायकोचं रक्त तू बर्फावर ठेवलंस. बाजार करत बसलास आणि डबा लादीवर टाकलास."

"नाय शेट. लादी वर होती, टपावरच्या कॅरेजवर. ताडपत्रीत. ही बायडी हाय ना, हिलाच इचारा."

बायडी मासळीवाली, तिच्यासाठीच त्या लाद्या होत्या. पाटीवरच्या माशा वारत म्हणाली, "माझ्या लादी वरूनच उतरल्या. त्यानं अन् माझ्या पोरानं उतरवल्या. डबा लादीजवळ नव्हता."

"मग कुठे होता?"

"हिच्या मांडीवर," नवशाने फागीकडे हात केला. गाल चोळत होता. "फागीला नाशकाला जायचं होतं, भावाकडं. मी तिला म्हनलं, शेटच्या बायकोचं रगत हाय, खाली ठेवू नको. जव्हारपासून नाशकापर्यंत तिनं मांडीवरच धरला. बाजारात मी अर्धा तास बी थांबलो नाय."

"डबा उघडला कोणी?"

"कोण उघडल? तुमची पट्टी होती, चारी बाजूंनी."

मी फागीकडे पाहिलं. तिने पदर तोंडावरून काढला.

"माझी मांडी बधिर झाली व्हती," ती म्हणाली. "पानी झिरपत व्हतं डब्यातनं. लुगडं भिजलं. त्रिंबकला मी याला म्हनलं, येवढा गार कशापायी? त्यो म्हनला, शेटनं भरलाय, पोलिओच्या डोसासारका. शेटला कळतं."

बाजारात कोणीतरी हसलं.

आता ते लिहायला हवं. त्या दिवशी वर्षाली नळ्या ठेवून निघून गेली. मी दुकानातून थर्माकोलचा डबा घेऊन आलो. शकिलाचा गोळी घेऊन डोळा लागला होता. ऑक्टोबरचं ऊन होतं. मी लादी फोडली, बारीक केली, आणि डबा भरला. खाली चार बोटं बर्फ, वर चार बोटं, मधे तिच्या नळ्या. पोलिओचा डबा मी वीस वर्षं असाच भरतो. माझ्या डब्यातला एकही डोस कधी नासला नाही, हे मी सगळ्या जव्हारला सांगत आलो आहे. नळ्या नीट बसाव्यात म्हणून त्यांच्या भोवतीचा बर्फ मी बोटांनी दाबला. मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हाताने तिच्यासाठी होतंय.

नवशा म्हणाला, "शेट, बसा. पानी पिता का?"

मी त्याची माफी मागितली नाही. मागून आलेल्या जीपने जव्हारला आलो.

६

बर्फाने रक्त मेलं. पण मेलेल्या रक्ताने शकिला मेली नव्हती. कागदावर खरं लिहिलं असतं तर ती आज वाकड्या बोटांनी का होईना, बसली असती. मी स्वतःला हेच सांगत केंद्रात गेलो. बरोबर तक्रारीचा अर्ज होता. असलम एकटाच होता. वर्षाली गेल्यापासून रक्तही तोच काढायचा.

मी अर्ज टेबलावर ठेवला. "नाशिकचा फॅक्स तुला आला होता. फोनही. तू निगेटिव्ह टाइप केलंस. उद्या हा अर्ज जिल्ह्याला जाणार. तुझं केंद्र बंद, तू आत."

"दुल्हाभाई, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, उकरू नका."

"का मारलंस तिला? तुझी बहीण होती."

"अर्ज फाडा आणि घरी जा."

"खुनी आहेस तू. तुझ्या पोराच्या शाळेत जाऊन सांगेन. मशिदीत सांगेन."

त्याचा मुलगा तौसीफ दहावीला आहे. त्याचं नाव मी घेतलं नव्हतं, पण शाळा म्हटल्यावर असलमचा चेहरा बदलला. तो उठला, दार लावलं आणि माझ्या समोर बसला.

"ठीक आहे. मग ऐका. कागद मी टाइप केला. शब्द आपाचा आहे."

मी हसलो.

"फॅक्स आला त्या दिवशी दुपारी मी तुमच्या घरी गेलो. तुम्ही दुकानात होतात. मी म्हटलं, आपा, रक्त थंड पडलं, पुन्हा काढावं लागेल. तिने विचारलं, कधी कळेल? मी म्हटलं, त्या खास नळ्या पुन्हा मागवाव्या लागतील, नोव्हेंबर उजाडेल. ती म्हणाली, तोवर यादी बंद. मी म्हटलं, हो."

"म्हणून तू खोटं लिहिलंस."

"नाही. मी म्हटलं, हॉस्पिटलला फोन करून बघू, मुदत मागू. ती नको म्हणाली. म्हणाली, मुदत मागितली तर ते विचारणार रक्त कशाने बिघडलं, आणि फारुखला कळणार."

मी टेबलावरच्या अर्जावर हात ठेवला.

"तिला माहीत होतं, दुल्हाभाई. वर्षालीने तिला सांगून ठेवलं होतं, गार करू नका. तिला झोप लागली. जाग आली तेव्हा तुम्ही गेला होतात आणि फरशीवर भुसा पडला होता. तिने हाका मारल्या. शेजारी कोणी नव्हतं. मग जीप निघून गेल्याचा आवाज आला. तुम्ही घरी आल्यावर म्हणालात, असा भरलाय डबा की मुंबईपर्यंत जाईल. हे तिनेच मला सांगितलं. हसत सांगितलं."

"पुढे?"

"ती म्हणाली, त्याला कळलं तर तो परत बर्फाला हात लावायचा नाही. आणि त्याला दुसरं काय येतं? मला म्हणाली, लिही नाही म्हणून. नसेलच कदाचित. बाप जाऊन चाळीस वर्षं झाली." असलमने डोळे पुसले नाहीत. तो माझ्याकडे बघून बोलत होता आणि मला वाटतं त्याला त्यात सुख मिळत होतं. "मी लिहिलं. मी हरामखोर आहे. माझ्याकडून शपथ घेतली होती, तुम्हाला कधी सांगायचं नाही. मी वर्षालीला काढलं ती शपथ पाळायला. ती पोरगी तुम्हाला बर्फाचं बोलली असती म्हणून. आता द्या तुमचा अर्ज."

मी अर्ज उचलला. दारापर्यंत गेलो.

"दुल्हाभाई," तो मागून म्हणाला. "इंजेक्शनच्या आधी तिला भीती वाटत होती. मला विचारलं होतं तिने, असलम, असलाच टीबी तर तो जागा व्हायला किती दिवस लागतील? मी म्हटलं, आपा, असं काही नसतं."

७

रुबिनाचा दर शुक्रवारी फोन येतो. त्या शुक्रवारीही आला. "सापडला का, अब्बा?"

"सापडला."

"कोण?"

"लिहून देतो. वाच."

अर्ज मी अजून दिलेला नाही, फाडलाही नाही. तो द्यायचा तर त्यात असलमबरोबर माझंही नाव द्यावं लागेल आणि शकिलाचंही. रुबिनाने हे वाचून ठरवावं. मला ठरवता येत नाही.

जुलैत मी पुन्हा वांगणीला गेलो. पाऊस चालू होता. वर्षाली आईबरोबर भात लावत होती, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी बांधावर छत्री धरून उभा राहिलो. तिने मला पाहिलं आणि रोपांची जुडी संपेपर्यंत मान वर केली नाही. तिच्या आईने मला ओळखलं. ती थुंकली.

मी म्हटलं, "पोरी, तुझी चूक नव्हती. डब्यात बर्फ मी भरला होता."

ती कमरेतून सरळ झाली. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही केंद्रात ओरडत होतात तेव्हापासून. रक्त माझ्या हातून चांगलं गेलं होतं. तुमच्या हातांना भुसा होता, त्या दिवशीही. मी तेच सांगत होते, गार करू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

"नंतर तरी सांगायचं होतंस."

"कोणाला? वाडा गावात दोन ठिकाणी कामाला विचारलं. दोन्हीकडे तुमचं बोलणं माझ्या आधी पोचलं होतं. पेशंट मारणारी म्हणाले."

"मी जातो वाड्याला. सांगतो त्यांना. मोखाड्यालाही सांगतो, जिथे म्हणशील तिथे."

"तोंडी नको," वर्षाली म्हणाली. "तोंडी तुम्ही माझ्याबद्दल बरंच सांगितलंय. लिहून द्या. सगळं. सही करून. त्याच्या झेरॉक्स काढून मी जिथे जाईन तिथे दाखवीन."

"सगळं? शकिलाचंही?"

तिने पुढची जुडी उचलली. "ते तुमचं तुम्ही बघा. बर्फाचं लिहा."

ती वाकली आणि पुन्हा लावायला लागली.

म्हणून हे लिहिलं. वाचणाऱ्याने वर्षालीला कामावर ठेवावं. तिने नळ्या दहा वेळा मोजून हलवल्या होत्या, नावं बरोबर लिहिली होती आणि गार करू नका असं वेळेवर सांगितलं होतं. नवशाने आणि फागीने डबा खाली ठेवला नाही. बर्फ मी भरला. खाली चार बोटं, वर चार बोटं, मधे तिच्या नळ्या.

फारुख, बर्फवाला
एसटी डेपोसमोर, जव्हार